बाई स्टेजवर आली, कागदावर कधी येणार?

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

मागच्या रविवारच्या पुरवणीत तुम्ही मराठी नाटक-सिनेमातल्या स्त्रियांवर दोन पानं दिलीत, जुने फोटो तर फारच छान होते, त्याबद्दल आधी मनापासून थँक्यू. पण सगळं वाचून झाल्यावर एक गोष्ट फार खटकली आणि ती कोणीतरी बोलायला पाहिजे म्हणून लिहितेय. दोन्ही पानांवर बाई कधी दिसली, कशी दिसली, कुठल्या कपड्यात दिसली एवढंच आहे. पहिली नटी कोण, पहिली नायिका कोण, पहिला बोल्ड रोल कोणाचा. तिच्या तोंडची वाक्यं कोणी लिहिली, कंपनी कोणाची होती, करार कोणी केला, पैसे शेवटी कोणाच्या हातात पडले, गाण्याखाली नाव कोणाचं लागलं, यावर एक ओळ नाही. बाई स्टेजवर येऊन आता शंभराच्या वर वर्षं झाली की हो. कागदावर ती किती आली ते बघा ना. कागद म्हणजे मला स्क्रिप्ट पण म्हणायचंय, करार पण आणि चेक पण. पत्र लांब झालंय, जागा नसेल तर कापा, पण तमाशाचा भाग कापू नका प्लीज.

फाळक्यांपासूनच घेऊ. १९१३ साली राजा हरिश्चंद्रमध्ये तारामती केली ती अण्णा साळुंके नावाच्या पुरुषाने, कारण एकही बाई तयार होईना, हे सगळ्यांना माहितीये. त्याच वर्षी पुढच्या सिनेमात दुर्गाबाई कामत आणि त्यांची मुलगी कमला अशा दोघी आल्या, आई पार्वती झाली आणि मुलगी मोहिनी. ही कमला म्हणजे पुढे कमलाबाई गोखले, विक्रम गोखल्यांच्या आजी. हे सगळं तुमच्या लेखात होतं. पण सरस्वतीबाई फाळके कुठेच नव्हत्या! या बाईने नवऱ्याच्या सिनेमापायी अंगावरचे दागिने दिले, कच्च्या फिल्मच्या कडेला भोकं पाडायला शिकली, फिल्म धुवायला शिकली आणि वर सगळ्या युनिटचा स्वयंपाक केला. आज क्रेडिट लिस्टमध्ये या कामांना वेगवेगळ्या माणसांची नावं लागतात. त्या कॅमेऱ्यापुढे आल्या नाहीत म्हणून मोजल्याच गेल्या नाहीत. भारतातल्या पहिल्या सिनेमा टेक्निशियन बाई म्हणून त्यांचं नाव शाळेच्या पुस्तकात असायला पाहिजे असं मला मनापासून वाटतं.

बालगंधर्वांबद्दल बोलायची भीती वाटते कारण लोक लगेच अंगावर येतात, पण मी त्यांना कमी लेखत नाहीये, त्यांचं गाणं आजही ऐकते आणि ऐकताना अंगावर काटा येतो. फक्त हे बघा की त्या काळात घरंदाज बायका साडी कशी नेसायची, केस कसे बांधायचे, गजरा कुठे माळायचा हे त्यांच्याकडे बघून शिकत होत्या. म्हणजे बाईने कसं दिसावं, कसं लाजावं, कसं रुसावं याचा नमुना एका पुरुषाने घालून दिला आणि तो बायकांनीच उचलला. खऱ्या बायका जेव्हा स्टेजवर आल्या तेव्हा त्यांना त्या नमुन्याशी ताडून बघितलं गेलं. बाईला बाईचंच काम जमतंय का याची परीक्षा द्यावी लागली, यापेक्षा अवघड परीक्षा कुठली असेल. आणि त्याच सुमाराला फक्त बायकांच्या नाटक मंडळ्या पण होत्या, त्यात पुरुषांच्या भूमिका बायकाच करायच्या, पण स्त्रीपार्टी नटांवर जेवढं लिहिलं गेलंय त्याच्या एक टक्का पण या बायकांवर लिहिलेलं सापडत नाही.

१९२९ साली हिराबाई बडोदेकरांनी भावंडांना घेऊन स्वतःची नाटक कंपनी काढली. कंपनी कर्जात गेली आणि ते कर्ज त्यांनी गाऊन फेडलं. तिकीट लावून जाहीर मैफल करणाऱ्या सुरुवातीच्या बायकांत त्या होत्या, म्हणजे कोणा सरदाराच्या किंवा शेटजीच्या घरी बोलावणं येईल याची वाट न बघता जो तिकीट काढेल त्याने येऊन ऐकावं. हे मला फार मोठं वाटतं. तिकिटाने बाईचं नातंच बदललं, समोरचा माणूस आश्रयदाता राहिला नाही, प्रेक्षक झाला. १९३३ ला नाट्यमन्वंतर या संस्थेच्या आंधळ्यांची शाळा नाटकामध्ये ज्योत्स्ना भोळे आणि पद्माबाई वर्तक यांनी बायकांची कामं केली त्याला सगळे मैलाचा दगड म्हणतात, तो आहेच, पण हिराबाईंची कंपनी त्याच्या आधीची आणि ती बाईच्या मालकीची होती.

आता शांता आपटे. कुंकू सिनेमामध्ये म्हाताऱ्या नवऱ्याला नवरा मानायला नकार देणारी मुलगी त्यांनी केली १९३७ साली, ते सगळ्यांना आठवतं. पण १९३९ ला पगार आणि करारावरून वाद झाला तेव्हा ही बाई पुण्यात प्रभात स्टुडिओच्या गेटवर उपोषणाला बसली. नुसती कल्पना करा, ऐंशीच्या वर वर्षांपूर्वी एक हिरॉईन स्टुडिओच्या दारात उपाशी बसलीये. आणि पुढच्या वर्षी 'जाऊ मी सिनेमात?' नावाचं पुस्तक लिहून सिनेमात यायची इच्छा असलेल्या मुलींना सांगितलं की इथे नक्की काय वाढून ठेवलंय. मला विचाराल तर त्यांचा सगळ्यात मोठा रोल हा आहे. पण तेव्हापासून आजपर्यंत करारावर बोलणाऱ्या बाईला जे विशेषण लागतं ते लागतंच, हट्टी, तापट, डोक्यात हवा गेलीये. किशोरीताई आमोणकरांना पण लोक हेच म्हणायचे. त्यांनी लहानपणी बघितलं होतं की आपली आई मोगूबाई, एवढी मोठी गायिका, दौऱ्यावर तिला कशी वागणूक मिळते, बिदागी देताना कसा हात आखडता घेतात. मग मोठं झाल्यावर त्यांनी स्वतःच्या अटी ठरवल्या आणि त्या पाळायला लावल्या. पुरुष गवयाने तेच केलं असतं तर आपण म्हणालो असतो काय रुबाब आहे.

तमाशाबद्दल मला जरा जास्त बोलायचंय कारण तुमच्या पुरवणीत तो चार ओळीत उरकला होता.

आधी तमाशात बाईच नव्हती, नाच्या पोऱ्या असायचा, म्हणजे बाईचं सोंग घेऊन नाचणारा मुलगा. पवळाबाई हिवरगावकर पठ्ठे बापूरावांबरोबर उभ्या राहिल्या तिथून बाई फडात, म्हणजे तमाशाच्या कंपनीत आली. लावणी बघा, ऐकताना वाटतं की बाईच बोलतेय, तिचीच तक्रार, तिचाच रुसवा, तिचीच ओढ, पण लिहिणारे कोण तर रामजोशी, होनाजी बाळा, परशराम, प्रभाकर, सगनभाऊ. सगळे पुरुष. फार थोर कवी होते, वाद नाही. पण बाईच्या मनातलं म्हणून आपण जे दोनशे वर्षं ऐकत आलो ते पुरुषाने बाईच्या नावाने लिहिलेलं आहे हे निदान लावणीवर लेख लिहिताना एकदा तरी सांगायला नको का? तिने त्यात जे घातलं ते अदेतून घातलं, कुठल्या शब्दावर थांबायचं, कुठे नुसतं बघायचं, कुठे ओळ परत घेऊन तिचा अर्थच फिरवायचा. यमुनाबाई वाईकर बसून अदा करायच्या, १०० च्या वर वर्षं जगल्या त्या, २०१८ ला गेल्या, पद्मश्री त्यांना मिळाली २०१२ ला म्हणजे नव्वदी पार केल्यावर. त्यांची ती बैठकीची लावणी ज्याने नीट ऐकलीये त्याला कळतं की लिहिलेल्या ओळीच्या वर अजून एक ओळ ती बाई स्वतः रचतेय. त्या रचनेला आपण कधी लेखन म्हटलंच नाही, ठसका म्हटलं आणि मोकळे झालो.

विठाबाई नारायणगावकर म्हटलं की प्रत्येक लेखात तीच गोष्ट येते, दिवस भरलेले असताना नाचल्या, मध्येच आत गेल्या, बाळंत झाल्या आणि परत स्टेजवर आल्या. तुमच्या चार ओळीत पण तीच होती. सगळे हे शौर्य म्हणून सांगतात, ऐकणारे तोंडात बोटं घालतात. बाई शूर होतीच. पण नऊ महिने भरलेल्या बाईला त्या रात्री बोर्डावर उभं का राहावं लागलं हे कोणीच विचारत नाही! कारण सुपारी, म्हणजे खेळाचं ठरवून आगाऊ बुकिंग घेतलेलं असतं, खेळ झाला नाही तर पैसे नाहीत, आणि फडातल्या एवढ्या माणसांचं पोट त्या एका बाईच्या पायावर चाललेलं असतं. राष्ट्रपतींच्या हातून सन्मान झालेल्या या बाईचे शेवटचे दिवस पैशाच्या ओढाताणीत गेले. २००२ ला त्या गेल्या तेव्हा दवाखान्याचं बिल लोकांनी मदत करून भागवलं. आज त्यांच्या नावाने सरकार जीवनगौरव पुरस्कार देतं, चांगलंच आहे, पण तमाशातल्या बाईला बाळंतपणात, आजारपणात, म्हातारपणात हक्काने काय मिळतं हा प्रश्न तिथेच आहे.

आणि तमाशातली बाई ज्या बाबतीत बाकीच्या सगळ्या कलांच्या पुढे होती ती गोष्ट कोणी सांगतच नाही, ती म्हणजे फडमालकीण. कांताबाई सातारकर वगात, म्हणजे तमाशातल्या नाटकात, शिवाजी महाराजांची भूमिका करायच्या, बाई पुरुषाची भूमिका करतेय आणि समोर हजारो माणूस गप्प बसून बघतंय. नवरा गेल्यावर मुलांना घेऊन फड परत उभा केला त्यांनी. विठाबाईंची मुलगी मंगला बनसोडे स्वतःच्या नावावर फड चालवतात. फड चालवायचा म्हणजे काय तर ट्रक, तंबू, जनरेटर, कलाकारांना आधी उचल द्यायची, त्यासाठी कर्ज काढायचं, गावोगावच्या पंचांशी सुपारी ठरवायची, पाऊस आला तर नुकसान सोसायचं आणि वर स्वतः रात्रभर उभं राहायचं. गुढीपाडव्याच्या आसपास नारायणगावला फडांच्या राहुट्या लागतात तिथे जाऊन एकदा बघा, बाया कशा हिशेबाला बसतात ते. शहरातल्या किती निर्मिती संस्था तेव्हा बाईच्या नावावर होत्या? ज्या बायकांना समाजाने खालचं मानलं, ज्यांची जात काढली, त्या धंदा सांभाळत होत्या, माणसं सांभाळत होत्या आणि आपण घरंदाज म्हणवणाऱ्या बायका हौशी नाटकात काम करायला सासऱ्यांची परवानगी मागत होतो. कलेतली बाई पुढे कशी गेली हे लिहायचं असेल तर ते फडापासून लिहा.

आता बाईने स्वतः रचलेलं आणि नाव नसलेलं केवढं आहे ते बघा. जात्यावरच्या ओव्या. हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ या अभ्यासकांनी गावोगाव फिरून आपल्या माणसांकडून एक लाखाच्या वर ओव्या गोळा करून ठेवल्यात. एक लाख! पहाटे उठून दळताना बायकांनी त्यात भावाला, सासूला, रामाला, सीतेला, नवऱ्याच्या माराला, बाबासाहेबांना सगळ्यांना घातलंय. बहिणाबाईंचं पण तसंच, मुलाने सोपानदेवांनी कविता उतरवून घेतल्या म्हणून आणि अत्र्यांनी त्या वाचल्या म्हणून १९५२ ला छापून आल्या, तोवर बहिणाबाई गेल्या होत्या. घरात लिहिता येणारं कोणी नव्हतं अशा किती बहिणाबाई गेल्या असतील याचा विचार केला की मला अस्वस्थ व्हायला होतं.

वारली चित्रांचं उदाहरण तर बरोबर उलटं आहे. भिंतीवरचा लग्नाचा चौक लिहायचा तो सवाशिणींनी, ते बायकांचंच काम होतं, पुरुषांचं नव्हतंच. मग सत्तरच्या दशकात चित्रं कागदावर आली, शहरात आली, परदेशात गेली आणि नाव झालं ते जिव्या सोमा म्हशेंचं. ते फार मोठे चित्रकार होते, पद्मश्री योग्यच मिळाली. पण भिंतीवरून कागदावर येताना त्या सवाशिणी मागे राहिल्या ना. घरात असतं तोवर बाईचं काम आणि विकायला लागलं की पुरुषाचं नाव, स्वयंपाकापासून कुंभारकामापर्यंत हेच आहे.

साहित्यात तुलनेने बाईला कागद लवकर मिळाला, पण १९३३ ला विभावरी शिरूरकर नावाने कथा आल्या तेव्हा केवढं वादळ उठलं, ही कोण बाई याचा शोधच सुरू झाला लोकांचा, कारण अविवाहित शिकलेल्या मुलीच्या मनातलं सरळ लिहिलं होतं. मालतीबाई बेडेकरांना टोपणनाव घ्यावं लागलं यातच सगळं आलं. आणि साहित्य संमेलनाचा आकडा तर बोलकाच आहे. १८७८ पासून २०२५ पर्यंत ९८ संमेलनं झाली, त्यात अध्यक्ष झालेल्या बायका सहा. कुसुमावती देशपांडे, दुर्गा भागवत, शांता शेळके, विजया राजाध्यक्ष, अरुणा ढेरे आणि दिल्लीला तारा भवाळकर. पहिल्या बाईला अध्यक्ष व्हायला १९६१ साल उजाडलं. संगीतात बघा, गाणाऱ्या बायका एवढ्या मोठ्या की जगात तोड नाही, पण संगीतकार बाई म्हटलं की आठवावं लागतं. खुद्द लतादीदींनी भालजी पेंढारकरांच्या सिनेमांना चाली दिल्या त्या 'आनंदघन' नावाने. त्यांची कारणं त्यांची असतील, पण लता मंगेशकरने चाली लावल्यात हे पोस्टरवर तेव्हा लिहिलं असतं तर पुढच्या कितीतरी मुलींना वाटलं असतं की आपण पण हार्मोनियम पुढे ओढून बसावं.

बाईच्या हातात कागद आला की गोष्ट कशी बदलते याचं माझ्या लेखी सगळ्यात चांगलं उदाहरण म्हणजे सुमित्रा भावे. सिनेमाचं कुठलंही शिक्षण नव्हतं त्यांचं, समाजकार्यातल्या होत्या, वस्तीतल्या बायकांवर संशोधन करत होत्या आणि त्यांना प्रश्न पडला की या बायकांना वाचता येत नाही मग माझा अहवाल त्यांच्यापर्यंत पोचणार कसा, म्हणून कॅमेरा हातात घेतला आणि १९८५ ला 'बाई' हा छोटा सिनेमा केला. ज्यांच्यावर बनवायचं त्यांनाच दाखवायचं, हा विचार कुठल्याच स्टुडिओत कोणाला सुचला नव्हता. सुषमा देशपांडे यांनी १९८९ पासून सावित्रीबाई फुले एकटीने उभी केली, लिहिली पण त्यांनीच आणि गावागावात जाऊन करत राहिल्या. विजयाबाई मेहतांनी १९६० ला रंगायन ही नाट्यसंस्था काढली तेव्हा दिग्दर्शक म्हणून बाईचा शब्द शेवटचा, ही गोष्ट मोठमोठ्या नटांनी तिथे मान्य केली होती. उंबरठा सिनेमामधली घर सोडून जाणारी सुलभा स्मिता पाटीलची म्हणून आपल्याला आठवते, जब्बार पटेलांची म्हणून आठवते, पण ती मुळात शांता निसळ यांच्या कादंबरीतून आली. बाईने उंबरठा ओलांडला तो आधी एका बाईने कागदावर ओलांडला होता.

माहेरची साडी १९९१ ची आणि बाईपण भारी देवा २०२३ चा. दोन्हीला बायकांनी थेटरं भरली, घोळक्याने गेल्या, गावाकडून गाड्या करून गेल्या. पहिल्यात रडायला गेल्या, सोसणाऱ्या लेकीत स्वतःला बघितलं आणि हुंदके देऊन बाहेर आल्या. मी त्याला नावं ठेवणार नाही, कितीतरी बायकांना दुसरीकडे कुठेच रडायला जागा नव्हती. दुसऱ्याला नऊवारी नेसून, गॉगल लावून गेल्या आणि थेटरात नाचल्या. बत्तीस वर्षांत प्रेक्षक बाई केवढी बदलली! आणि दुसऱ्या सिनेमाची लेखिका बाई आहे, वैशाली नाईक. पन्नाशीच्या बाईची पाळी थांबते तेव्हा तिची काय चिडचिड होते हे मोठ्या पडद्यावर बोललं गेलं याला मला वाटतं लिहिणारा हात कोणाचा आहे याचा संबंध आहे. तरी डायरेक्टर दोन्हीकडे पुरुषच, आणि त्या सिनेमाच्या यशावर एवढ्या बातम्या आल्या त्यात लेखिकेचा फोटो मला क्वचितच दिसला.

सिरीयलचं मात्र कोडं आहे. तिथे लिहिणाऱ्या बायका भरपूर आहेत, बघणाऱ्या तर बायकाच, तरी नायिका सोसणारी आणि दुसरी बाई तिच्या दुधात काहीतरी मिसळणारी. कारण गुरुवारी टीआरपी येतो आणि त्यावर ट्रॅक फिरतो, लेखिकेच्या हातात पेन असतं पण पुढे काय होणार ते चॅनेलच्या मीटिंगमध्ये ठरतं. म्हणून मी म्हणते की नुसतं लिहिणं पण पुरत नाही, ठरवणाऱ्या खुर्चीत पण बाई हवी आणि तिला 'यावेळी आकडे खाली गेले तरी चालतील' म्हणायची मुभा हवी.

मी स्वतः हौशी नाटकात बरीच वर्षं आहे, काम केलंय, प्रॉम्प्टिंग केलंय, कपडेपट सांभाळलाय. स्पर्धेच्या नाटकात चांगल्या मुली गळतात त्या अभिनय येत नाही म्हणून गळत नाहीत. तालीम रात्री आठ ते अकरा असते, नोकरी करून घरी जाऊन पोळ्या करून परत यायचं, पोर लहान असेल तर सासूच्या मर्जीवर, आणि अकरा वाजता एकटीने घरी जायचं. तालीम संध्याकाळी सहाला करा म्हटलं तर पुरुषांना ऑफिसमधून यायला जमत नाही असं उत्तर मिळतं. दौऱ्यावर नाट्यगृहाच्या ग्रीनरूमला कडी नसते, बायकांचं बाथरूम वापरायच्या लायकीचं नसतं, मुली दिवसभर पाणी पीत नाहीत. व्यावसायिकवाल्यांना नाईट मिळते ती प्रयोगाची, प्रयोग नाही तर पैसे नाहीत, त्यामुळे दिवस गेले की सातव्या महिन्यात रिप्लेसमेंट आणि परत आल्यावर तो रोल तिचा राहीलच असं नाही. विठाबाईंच्या काळापासून आपण नक्की किती पुढे आलो ते इथे कळतं.

केरळात सिनेमातल्या बायकांनी २०१७ ला एकत्र येऊन संघटना काढली, सरकारला हेमा कमिटी नेमायला लावली, तो अहवाल २०१९ ला तयार झाला आणि २०२४ ला लोकांसमोर आला, त्यात छळाबरोबर टॉयलेट, करार, पगार हे सगळं आलं. आपल्याकडे कोणी असं विचारायला बसलंय का? २०१३ च्या कायद्याने दहा किंवा जास्त माणसं काम करतात तिथे तक्रार समिती पाहिजेच, सेटवर तर सहज पन्नास माणसं असतात. समितीतल्या बाईचं नाव आणि फोन नंबर मेकअप रूमच्या दारावर लावलेला असायला पाहिजे, तिथे रोज जाणाऱ्या मुलीला तो विचारत फिरायला लागू नये.

आता तरुण मुलींनी मोबाईल हातात घेतलाय हे मला खरंच आवडतं. गावातली मुलगी स्वतः लिहिते, स्वतः शूट करते, स्वतः एडिट करते आणि पैसे तिच्या स्वतःच्या खात्यात येतात, सरस्वतीबाईंना जे मिळालं नाही ते तिला मिळालं. पण खाली कमेंट वाचा, आईबाप काही बोलत नाहीत का, लग्न कोण करणार, शरीरावर तर विचारूच नका. तोच व्हिडिओ मुलाने केला तर हसण्याचे इमोजी. आणि गावच्या जत्रेत लावणीच्या कार्यक्रमात पोरं राडा करतात, खुर्च्या तोडतात, तेव्हा बातमीच्या हेडिंगमध्ये नाव येतं नाचणाऱ्या बाईचं. खुर्च्या तिने तोडल्या का? आयोजकाचं नाव नाही, किती गर्दी बोलावली ते नाही, पोलीस बंदोबस्त होता का ते नाही. हे तुमच्या पेपरमध्ये पण झालंय साहेब, मी राग म्हणून सांगत नाहीये पण वाचून वाईट वाटतं.

तर तुमच्या हातात आहे तेवढंच मागते. सिनेमा, नाटक, सिरीयल कशाचीही बातमी किंवा परीक्षण असो, लेखकाचं नाव छापा, म्हणजे लेखिकांची आपोआप येतील. हिरॉईनचं वय, वजन, लग्न झाल्यावर कमबॅक असले शब्द परीक्षणातून काढा, हिरोला कोणी विचारत नाही. जत्रेतल्या राड्याच्या बातमीत राडा करणाऱ्यांना हेडिंगमध्ये घ्या. नाट्यगृहांच्या ग्रीनरूम आणि बाथरूमवर तुमच्या वार्ताहरांकडून एकदा प्रत्येक जिल्ह्यातला रिपोर्ट मागवा, फोटोसकट. आणि फडमालकीण बायकांवर एक सविस्तर लेखमाला करा, मार्चच्या आठ तारखेची वाट न बघता, यात्रांचा सीझन चालू असतानाच कोणालातरी फडाबरोबर चार दिवस पाठवा, त्यांचा हिशेब, कर्ज, कलाकारांचे पगार, मुलांच्या शाळा सगळं त्यांच्या तोंडून येऊ द्या आणि लेखाखाली ज्या बाईने सांगितलं तिचं नाव लिहिणाऱ्याच्या नावाशेजारी तेवढ्याच मोठ्या अक्षरात छापा.

आपली,
एक नियमित वाचक